अमावसेची तारीख

पोलिसांवर दावा लावायचा म्हणून माझ्याकडे आलेला माणूस खुर्चीत कधी नीट टेकून बसत नसे. काठावर बसायचा, दाराकडे अर्धं तोंड करून. नागपूरच्या कोर्टात उभा जन्म काढल्यावर माणूस कसा बसतो यावरून तो कशासाठी आलाय ते मला कळायला लागलं होतं. घरमालक पाय पसरून बसतो. वाटणीच्या दाव्यातला धाकटा भाऊ टेबलावर कोपरं टेकून बसतो. पण ज्याला ठाण्यात मार पडलाय तो उठायच्या तयारीत बसतो. त्याचा गुन्हा काही नसतो, तरीही.

लग्नाच्या पंगतीत शेजारचा पाहुणा हमखास विचारतो, पोलिसांविरुद्धच्या केसेस तुम्हीच चालवायचे ना, किती जिंकल्या? मी वाढप्याला हाक मारून वरण मागून घेतो. जिंकलो की हरलो हे एका घासात सांगता येण्यासारखं नाही. या अंकाच्या संपादकांनी चार पानं दिली आहेत म्हणून इथे सांगतो, आणि तेही जरा कंटाळूनच. हे दावे आठवले की पूर्वी राग यायचा. आता नुसता थकवा येतो.

आधी धंदा समजावून सांगतो. पोलिसाने मारलं तर त्याला शिक्षा व्हावी म्हणून फौजदारी कोर्ट आहे. तिकडे मी क्वचितच गेलो. माझं काम दिवाणी. झालेल्या नुकसानीची किंमत ठरवायची आणि ती सरकारकडे मागायची. ऐकायला सोपं वाटतं. पण सरकारवर दावा लावायचा तर आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे ज्याच्या खात्याने मारलं त्यालाच कळवायचं, की बाबा रे, दोन महिन्यांनी मी तुझ्यावर दावा लावणार आहे. या दोन महिन्यांत कोणी धमकी बिमकी देत नसे. एक शिपाई पक्षकाराच्या घरी जायचा, चहा घ्यायचा, मुलं कोणत्या शाळेत आहेत ते विचारायचा आणि निघून यायचा. माझे अर्धेअधिक पक्षकार त्या चहात गळाले. त्यांना मी कधी नावं ठेवली नाहीत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

काही मासले वेगळेही असायचे. नंदनवनकडचा एक दूधवाला होता. सायकल आडवी लावली म्हणून हवालदाराने त्याला भर चौकात पानठेल्यासमोर थोबाडीत मारली होती. मी त्याला रकमेचं विचारलं तर म्हणाला, पैसे नको. हवालदाराने त्याच चौकात, त्याच पानठेल्यासमोर उभं राहून, चुकलं म्हणावं, एवढंच पाहिजे. मी त्याला समजावलं की कोर्ट पैसे देववू शकतं, चुकलं म्हणायला लावू शकत नाही. तो उठला आणि दारातून म्हणाला, "मंग तुमचा कायदा काय कामाचा जी?" पुढे कित्येक वर्षं तो आमच्याच घरी दूध घालत होता. तो विषय त्याने परत काढला नाही, मीही काढला नाही.

पण मला सांगायचं आहे ते दशरथ निपान्याचं.

दशरथ आला तेव्हा आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं होतं. लोकांना जरा कंठ फुटला होता. एरवी त्याच्यासारखा माणूस माझ्या जिन्याची पायरी चढला नसता. उमरेडचा विणकर, चाळिशीचा, उंच, अंगावर स्वतः विणलेलं धोतर. बरोबर बायको, मैनाबाई. पिशवी, छत्री, पाण्याची बाटली, सगळं तिच्याच हातात. त्याने मला नमस्कार केला आणि माझ्या लक्षात आलं की त्याचे दोन्ही तळवे एकमेकांना लागत नाहीत. बोटं मधेच वाकून थांबत होती. मी ते पाहिलं आणि मग कागद चाळत बसलो.

दशरथ करवतकाठी धोतरं आणि लुगडी विणायचा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंग सुती, काठ रेशमी, आणि जिथे दोन्ही मिळतात तिथे करवतीसारखे दात. प्रत्येक दाताशी रेशमाचा धागा आणि सुताचा धागा बोटांनी एकमेकांत अडकवावा लागतो. सगळी कारागिरी बोटांच्या टोकात. उमरेडच्या त्यांच्या गल्लीत बायका कांड्या भरायच्या, साधं कापडही विणायच्या, पण करवतीचा काठ पुरुषाचा. दशरथच्या हातचे दात इतवारीतले व्यापारी लांबून ओळखायचे म्हणे.

अशाच एका व्यापाऱ्याकडे तो एसटीने माल घेऊन आला आणि त्याच दिवशी दुकानातून रेशमाच्या लडी गेल्या. दुकानात कोण कोण येऊन गेलं, असं फौजदाराने विचारलं. व्यापाऱ्याने चार नावं सांगितली. बाकीचे तिघे नागपूरचे होते, ओळखीपाळखीचे होते. दशरथला परगावचा म्हणून चौकीत बसवून घेतलं. काही दिवस बसवलं. फौजदार त्याचे हात टेबलावर ठेवायला लावायचा आणि लडी कुठे आहेत म्हणून दंडुक्याने मारायचा. मग लडी सापडल्या, त्या व्यापाऱ्याच्याच भाच्याच्या खोलीत. दशरथला मागच्या दाराने सोडून दिलं.

"जा म्हनले," दशरथने मला सांगितलं. "मी म्हनलं कुठं जाऊ? तं म्हनले, बसस्टँडवर जा."

हे सांगताना तो हसला होता. एवढंच हसणं मी त्याचं पाहिलं.

आता अशा दाव्यातली पहिली गोम सांगतो. ज्याला कागदोपत्री अटकच झाली नाही, त्याला सोडल्याचाही कागद नसतो. ठाण्याच्या नोंदीत दशरथचं नाव कुठेच नव्हतं. सरकारने जबाब दिला तो तीन मजली होता. एक, हा माणूस आमच्याकडे नव्हताच. दोन, असलाच तर संशयिताला पकडणं हे राज्यकारभाराचं काम आहे, त्यात नोकराच्या हातून काही झालं तरी सरकार भरपाई द्यायला बांधील नाही. तीन, त्याच्या हातांना काही झालेलं नाही. म्हणजे, आमच्या घरी मांजर नाही, असली तरी तिने दूध प्यायलं त्याला आम्ही जबाबदार नाही, आणि दूध तर भांड्यात आहे तसंच आहे. माझे मुन्शी रामटेके हा जबाब वाचून म्हणाले, "साहेब, यायच्यात कोनी तरी लई शिकलेला दिसते." रामटेके छप्पन साली वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षेला गेलेले, वस्तीत वाढलेले. पोलीस या विषयावर त्यांना पुस्तकातून काही शिकायचं नव्हतं.

पहिल्या मजल्यावर आमच्याकडे एक पुरावा होता. मैनाबाई. नवरा घरी आला नाही म्हणून ती दुसऱ्या दिवशी नागपूरला आली, आणि दशरथ सुटेपर्यंत चौकीसमोरच्या कडुनिंबाखाली बसून राहिली. रात्री एका नातलगाकडे जायची, सकाळी डबा करून परत यायची. शिपाई तिला सांगायचे, आत असा कोणी माणूस नाही. पण डबा मात्र आत न्यायचे आणि रिकामा करून आणून द्यायचे. ती भिवापूरची लेक. तिकडची मिरची किती तिखट असते ते विदर्भात सांगायला नको. तिच्या हातच्या भाजीतली मिरची दशरथला लग्नापासून सोसली नाही. तो एकेक तुकडा वेचून डब्याच्या झाकणात ठेवायचा. चौकीतून परत आलेल्या डब्याच्या झाकणात रोज मिरच्यांची तशीच रास असायची. आत कोण आहे हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

तिसरा मजला अवघड होता. हात निकामी झाले हे सिद्ध कसं करायचं? सरकारी दवाखान्याच्या चिठ्ठीवर नुसती सूज लिहिली होती. सरकारचे डॉक्टर म्हणाले, हा संधिवातही असू शकतो, भात कालवून खातो ना, मग झालं. आता भात कालवणं आणि करवतीचा दात घालणं यांतला फरक न्यायाधीशांना कोर्टात बसून कसा दिसणार? म्हणून मी अर्ज दिला, की कोर्टाने कमिशनर नेमावा. कमिशनर म्हणजे कोणी बडा अधिकारी नव्हे. कोर्टाच्या वतीने जागेवर जाऊन डोळ्यांनी पाहायचं आणि अहवाल द्यायचा, यासाठी नेमलेला एखादा वकील. आमच्या वाट्याला मोहरील नावाचे तरुण वकील आले. सज्जन माणूस. त्यांनी आपल्या सोयीचा दिवस ठरवला. सरकारी वकील पाठराबे, मी, रामटेके आणि मोहरील असे चौघे एसटीने उमरेडला गेलो. वाटेत पाठराबे यांनी सगळ्यांना संत्री खाऊ घातली. कोर्टात आम्ही कितीही भांडलो तरी बाहेर असंच असायचं. पक्षकारांना ते कधी पटलं नाही.

विणकरांच्या गल्लीत शिरलो तर सगळं चिडीचूप. जिथे घराघरातून खटखट ऐकू यायची तिथे माणसं ओट्यावर बसून गप्पा मारत होती. रामटेके मला हळूच म्हणाले, "साहेब, आज अमावस आहे." मोहरीलसाहेबांनी दिवस ठरवताना कॅलेंडर पाहिलं होतं, ते फक्त रविवार आहे की नाही एवढ्यापुरतं.

घरात शिरल्यावर समोरच माग. मागावर धोतर अर्ध्यावर आलेलं, आणि त्याच्या काठाला करवतीचे दात, एकसारखे. मी विणकामातला अडाणी, पण मलाही दिसलं की हे कोणा लेच्यापेच्याचं काम नाही. आणि आमचा दावा तर हात गेल्याचा. दशरथ मागाशेजारी हात मागे बांधून उभा होता. दाराशी गल्लीतली माणसं जमली होती. त्यांच्यात सगळ्यात पुढे, चौकटीला टेकून, व्यापाऱ्यांसाठी गावातून माल गोळा करणारा दलाल उभा होता.

मोहरील दशरथला म्हणाले, बसा मागावर, विणून दाखवा.

"आज अमावस जी," दशरथ म्हणाला. "आज आमी मागाले हात लावत नाही."

मोहरील घुटमळले. तेही नागपूरच्या सनातनी घरातले. अमावसेला मागाला हात लाव असं सांगणं त्यांच्या जिवावर आलं. मग त्यांनी काठावर बोट ठेवून विचारलं, हे कोणी विणलं?

दशरथने एकदा दाराकडे पाहिलं. मैनाबाई चहाचे कप घेऊन आतून येत होती, ती तिथेच थांबली.

"मीच," दशरथ म्हणाला.

मैनाबाईने चहा ठेवला आणि आत गेली. मोहरीलांनी लिहून घेतलं: मागावर करवतकाठी धोतर होतं, ते आपणच विणल्याचं वादीने सांगितलं, अमावास्या असल्यामुळे प्रत्यक्ष विणणं पाहता आलं नाही. पाठराबे यांनी चहा पिऊन संपवला. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे मी त्यांच्याबद्दल आवर्जून सांगीन. आपला पत्ता न खेळता बाजी आली की माणूस जरा ओशाळतो.

आम्ही बसस्टँडवर उभे होतो तेव्हा मैनाबाई झपाझप चालत आली. हातात मिरच्यांची पुरचुंडी. माहेरच्या आहेत, घरी न्या म्हणाली. बाकीचे दोघे वकील जरा लांब होते.

"ते काठ माह्या हातचे आहेत साहेब," ती म्हणाली. "दीड साल झालं. दार लावून विनतो मी."

मी तिला विचारलं, मग हे आत का नाही सांगितलं?

"दलाल उभा होता ना जी. बाईच्या हातचा काठ म्हनला का तो भाव पाडते, नाही तं मालच नाही नेत. यायच्या नावावर माल जाते. नाव गेलं तं चूल बंद." पुरचुंडी माझ्या हातात देत म्हणाली, "आन् यायले बी लय लागते ते. तुमी काही बोलू नका."

मिरच्या घेऊन मी बसमध्ये बसलो. खटल्याचं सगळं गणित आता उघडं पडलं होतं. दावा जिंकायचा तर दशरथने चारचौघांत सांगायला हवं होतं की माझे हात गेले. पोट भरायचं तर त्याच चारचौघांत सांगायला हवं होतं की माझे हात शाबूत आहेत. इकडे आड, तिकडे विहीर. आणि दाव्याचा निकाल लागायला वर्षं लागणार होती, भूक रोज लागत होती. मी त्याच्या जागी असतो तर मीही 'मीच' म्हणालो असतो. पुन्हा पाहणी व्हावी असा अर्ज मी दिला. पाहणी एकदा झाली आहे, म्हणून कोर्टाने तो नाकारला.

साक्षीपुरावा सुरू झाला. दशरथ पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा पाठराबे यांनी त्याला एकच गोष्ट विचारली, कमिशनरसाहेबांना सांगितलं ते खरं ना? तो हो म्हणाला. त्याच्या साक्षीचं जे व्हायचं ते झालं. आता तो चौकीत होता हे सांगायला मैनाबाई उरली होती. तिला मी मागाबद्दल एक अक्षरही विचारायचं नाही असं ठरवलं होतं. तिने खरं सांगितलं तर नवरा खोटा ठरतो, आणि नवरा एका गोष्टीत खोटा ठरला की पाठराबे त्याला चौकीबद्दलही खोटा ठरवणार. शिवाय तिने मला बोलू नका म्हणून सांगितलं होतं.

शपथ झाली. क्लार्कने नाव, वय, गाव विचारलं. धंदा?

"घरकाम," ती म्हणाली.

मी तिला कडुनिंबाचं विचारलं, डब्याचं विचारलं. झाकणातल्या मिरच्यांचं ऐकताना न्यायाधीशांनी लिहिणं थांबवून वर पाहिलं. पाठराबे उलटतपासणीला उठले. म्हणाले, डबा शिपायांनीच खाल्ला असेल. ती म्हणाली, खाल्ला असेल, पण तितक्या शिपायांतला एकही मिरची खात नसेल का जी? कोर्टात थोडा हशा झाला. इथे पाठराबे यांनी बसायला हवं होतं. पण हशा झाला की वकिलाला शेवटचा शब्द आपला असावा असं वाटतं. हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे, मलाही होता. त्यांनी विचारलं, तुझा नवरा आजही रोज मागावर बसतो ना?

मैनाबाईने दाराकडे पाहिलं. दशरथ तिथे भिंतीला टेकून उभा होता.

"बसते," ती म्हणाली. पाठराबे खाली बसायला लागले. तेवढ्यात ती पुढे बोलली. "मी विनतो तवा बाजूले बसते. धागा कुठी चुकला ते सांगते. हात माहे आहेत जी, डोये त्यायचे आहेत."

पाठराबे यांनी लगेच विचारलं, म्हणजे नवरा कोर्टात खोटं बोलला? ती म्हणाली, हो, बोलले. दलाल होता म्हणून बोलले. तिने आवाज चढवला नाही की रडली नाही. पदर नीट केला आणि उभी राहिली.

न्यायाधीशांनी दशरथला पुन्हा पिंजऱ्यात बोलावलं. प्रश्न विचारला नाही. क्लार्ककडून फायली शिवायचा दोरा मागून घेतला, त्याचे दोन तुकडे केले आणि दशरथपुढे ठेवले. म्हणाले, गाठ मारा. विणकराच्या पोराला ही गाठ चालायच्या आधी येते. दशरथने दोन टोकं उचलायचा प्रयत्न केला. एक उचललं गेलं, दुसरं बोटांतून खाली पडलं. त्याने ते पुन्हा उचललं. पुन्हा पडलं. तो थांबेना. न्यायाधीश पुरे म्हणाले तरी थांबेना. पाठराबे खिडकीबाहेर पाहत होते. शेवटी मैनाबाईच पुढे झाली आणि तिने दोरा त्याच्या हातातून काढून घेतला.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता दशरथ बायकोवर बरसणार. तो चिंचेखाली बसला होता, ती डबा उघडत होती. मी जवळ गेलो तर मलाच म्हणाला, "हात गेले हे सांगाची लाज वाटे साहेब. डोये शिल्लक आहेत, हे तं मले बी ठाऊक नोतं." आणि डब्यातून मिरची वेचायला लागला.

निकाल लागला. दशरथला विनानोंद डांबलं हे सिद्ध झालं. मारलं हे सिद्ध झालं. हात निकामी झाले हेही सिद्ध झालं. खोटं बोलला ते का बोलला हे न्यायाधीशांनी समजून घेतलं, आणि तसं लिहिलं. पण सरकार? सरकार सुटलं. पकडणं हे राज्याचं सार्वभौम काम, त्याबद्दल राज्याकडून भरपाई मिळत नाही, असं वरच्या कोर्टाने केव्हाच सांगून ठेवलं होतं. खालच्या न्यायाधीशांचे हात बांधलेले होते. भरपाई द्यायची ती फौजदाराने, स्वतःच्या खिशातून. फौजदाराने अपील केलं, वसुलीला स्थगिती आणली. अपील वर्षानुवर्षं पडून राहिलं. ते फेटाळलं गेलं तोवर फौजदार निवृत्त झाला होता. घर बायकोच्या नावावर. पेन्शनला जप्ती लागत नाही. ज्या कलमात विणकराचा माग जप्तीपासून वाचवला आहे, त्याच कलमात फौजदाराची पेन्शनही वाचवली आहे. मी ते कलम तरुणपणी मोठ्या कौतुकाने पाठ केलं होतं.

अलीकडे दिल्लीच्या वरच्या कोर्टाने अशा माणसांना थेट सरकारकडून भरपाई देववायला सुरुवात केली आहे, असं तरुण वकील मला येऊन उत्साहाने सांगतात. बरं वाटतं ऐकून. दशरथचा दावा जरा लवकर जन्माला आला, एवढंच.

मैनाबाईच्या साक्षीची बातमी त्यांच्या आधी उमरेडला पोचली होती. दलालाने माल घ्यायचं बंद केलं. काही महिने त्या घराने कसे काढले ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मग एक दिवस मैनाबाई धोतरं घेऊन एसटीत बसली आणि सरळ इतवारीतल्या त्याच दुकानात गेली. शेठने बाईच्या हातचा काठ म्हणून नाक मुरडलं. तिने विचारलं, मागची दोन सालं कोनाचा विकला जी? गिऱ्हाइकं बसली होती. शेठने माल ठेवून घेतला.

दशरथ दोन वर्षांपूर्वी गेला. तापाने गेला, त्याचा आणि खटल्याचा काही संबंध नाही. वसुलीचा अर्ज मात्र चालूच होता, आणि माणूस मेला की कागदावर त्याच्या जागी वारस चढवावा लागतो. मी तोवर काळा कोट खुंटीला टांगला होता, पण ही एक केस कोणाला देववली नाही. मैनाबाई आली. केस पिकले होते, हाताच्या बोटांना रेशमाचे काप पडलेले होते. रामटेक्यांनी अर्ज तयार केला आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे केला. तिने आधी वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी वाचलं: मैनाबाई, मयत दशरथ निपाने यांची पत्नी, राहणार उमरेड, धंदा घरकाम. जुन्या साक्षीवरून उतरवलं होतं.

"ते खोडा," ती म्हणाली. "विनकर लिवा. हे म्हनत होते, आता कोर्टात गेली तं खरं लिवून घेजो."

रामटेक्यांनी खोडलं, वर नीट अक्षरात लिहिलं आणि तिने अंगठा केला. आजवर हाती जे आलं आहे त्यातून तिचं आणि माझं बसभाडं निघालं असेल. पुढे फार येईल असं मला वाटत नाही, आणि मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. म्हटलं, बाई, सोडून द्यायचं असेल तर सांगा. तिने नाही म्हटलं. फक्त एक विचारलं, तारीख आपल्या मनाने मागता येते का?

"अमावसेची घ्या जी," ती म्हणाली. "त्या दिवशी माग बंद राह्यते. खाडा नाही होत."

तेव्हापासून मी क्लार्ककडे तारीख मागायला जाताना कॅलेंडर पाहून जातो. मधे दोन न्यायाधीश बदलले. ही बाई नेहमी अमावसेलाच कशी येते, असं कोणी विचारलं नाही. आता येणारी अमावास्या लक्ष्मीपूजनाची, कोर्टाला सुट्टी. म्हणून तिच्या पुढची, कार्तिकातली घेतली आहे. मी तारीख सांगितली तेव्हा तिने बोटांवर हिशेब केला, मागावरचं धोतर तोवर उतरेल का ते पाहिलं आणि म्हणाली, "जमते."